पीएलसी यंत्रणांचे दोषनिवारण

पीएलसीवर चालणारे यंत्र बंद पडले किंवा ठरल्याप्रमाणे चालेनासे झाले, तर त्यामागचे कारण शोधून ते दूर करणे आणि यंत्र सुरक्षितपणे पुन्हा उत्पादनात आणणे, या कामाला पीएलसी यंत्रणांचे दोषनिवारण म्हणतात. पीएलसी हे प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर या नावाचे प्रचलित संक्षिप्त रूप आहे. सेन्सर, बटणे व स्विच यांच्याकडून येणारे संकेत वाचून, साठवलेल्या प्रोग्रॅमनुसार मोटर, व्हॉल्व्ह, दिवे इत्यादींना आज्ञा देणारा हा औद्योगिक संगणक आहे. पुणे जिल्ह्यातील पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण व तळेगाव या औद्योगिक पट्ट्यात वाहने आणि त्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांच्या प्रेस, वेल्डिंग, मशीनिंग, रंगकाम व जुळणी या सर्व विभागांत पीएलसी वापरले जातात. त्यामुळे दोषनिवारण हे येथील देखभाल विभागांचे रोजचे काम आहे.

यंत्र थांबले की पहिला संशय बहुधा पीएलसीवर घेतला जातो. प्रत्यक्षात दोष बहुतेक वेळा त्याच्या बाहेर, म्हणजे सेन्सर, केबल, जोडणी, व्हॉल्व्ह किंवा वीजपुरवठ्यात असतो. पीएलसी त्या दोषाचा कर्ता नसून साक्षीदार असतो. त्याच्याजवळची माहिती क्रमाने वाचणे हा दोषनिवारणाचा गाभा आहे. उत्पादनाच्या घाईत संरक्षक सेन्सर टाळून यंत्र चालवणे हा या कामातील सर्वांत मोठा धोका आहे.

## पार्श्वभूमी

### पीएलसीचा उगम

१९६०च्या दशकापर्यंत कारखान्यांतील स्वयंचलित यंत्रे रिलेंवर चालत. एका मोठ्या यंत्राच्या पॅनलात शेकडो रिले आणि त्यांना जोडणाऱ्या हजारो तारा असत. मोटारगाडीचे मॉडेल बदलले की ही जोडणी नव्याने करावी लागे, आणि एखाद्या रिलेचा संपर्क खराब झाला तर तो शोधण्यात तासन्‌तास जात. १९६८ मध्ये अमेरिकेतील जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाने रिलेंच्या जागी वापरता येईल अशा इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाची मागणी केली. त्याचा प्रोग्रॅम सहज बदलता यावा, तो कारखान्याच्या वातावरणात टिकावा आणि त्याचे भाग सुटे करून बदलता यावेत, अशी अपेक्षा होती. मॅसॅच्युसेट्स राज्यातील बेडफोर्ड असोसिएट्स या संस्थेने डिक मॉर्ली यांच्या नेतृत्वाखाली हा नियंत्रक तयार केला. संस्थेचा तो ८४ वा प्रकल्प असल्याने १९६९ मध्ये आलेल्या या यंत्राला मोडिकॉन ०८४ असे नाव मिळाले.

या नियंत्रकाची लॅडर ही भाषा रिलेंच्या विद्युत् आकृतीसारखीच दिसते. दोन उभ्या रेषांमध्ये शिडीच्या पायऱ्यांप्रमाणे आडव्या ओळी असतात. प्रत्येक ओळीत डावीकडे अटी दाखवणारे संपर्क आणि उजवीकडे परिणाम दाखवणारी कॉइल असते. संगणकाचे शिक्षण न घेतलेल्या वायरमनलाही ती वाचता यावी, हा त्यामागील हेतू होता. पुढे आंतरराष्ट्रीय विद्युत्‌तंत्र आयोगाच्या आयईसी ६११३१-३ या १९९३ मधील मानकाने लॅडरसह पाच भाषा प्रमाणित केल्या. तरीही देखभालीच्या कामात आजही लॅडरच सर्वाधिक परिचित आहे.

### पिंपरी-चिंचवड व चाकण पट्टा

पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कंपनीची स्थापना झाली. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १ ऑगस्ट १९६२ रोजी स्थापन झाले, आणि त्याच दशकात पिंपरी, चिंचवड, भोसरी व आकुर्डी या परिसरात टेल्को (आताची टाटा मोटर्स) व बजाज ऑटो यांच्यासह अनेक कारखाने उभे राहिले. १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून उद्योगांचा विस्तार खेड तालुक्यातील चाकणकडे झाला. तेथे बजाज ऑटोचा कारखाना १९९९ मध्ये, फोक्सवॅगन व मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने २००९ मध्ये आणि महिंद्राचा कारखाना २०१० मध्ये सुरू झाला.

या विस्तारामुळे पट्ट्यात निरनिराळ्या पिढ्यांची आणि देशांची यंत्रे एकत्र आली. एखाद्या मध्यम आकाराच्या कारखान्यात सीमेन्सचा पीएलसी असलेले जर्मन यंत्र, मित्सुबिशी किंवा ओम्रॉनचा पीएलसी असलेले जपानी यंत्र, अ‍ॅलन-ब्रॅडलीचा पीएलसी असलेली अमेरिकी लाइन आणि स्थानिक यंत्रनिर्मात्याने भोसरीत बांधलेले खास यंत्र शेजारी शेजारी दिसू शकते. पीएलसीचे उत्पादनही पुण्याला नवे नाही. पुण्यातील मेसुंग सिस्टिम्स ही कंपनी पीएलसी बनवत असे. २०१२ मध्ये ती मित्सुबिशी इलेक्ट्रिकने विकत घेतली.

वाहन कारखान्यांना सुटे भाग गरजेनुसार, थोडा साठा ठेवून पुरवले जातात. त्यामुळे पुरवठादाराकडील एक प्रेस किंवा वेल्डिंग यंत्र काही तास बंद राहिले, तरी त्याचा परिणाम पुढच्या जुळणी लाइनवर होऊ शकतो. दोषनिवारण करणाऱ्यावरील वेळेचा दबाव याच व्यवस्थेतून येतो.

## पीएलसीचे कार्यचक्र

पीएलसी एकाच क्रमाने अखंड काम करत असतो. प्रथम तो सर्व इनपुटची स्थिती वाचून स्मृतीत ठेवतो. मग प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत चालवतो, आणि अखेरीस निकाल आउटपुटवर पाठवतो. या फेरीला स्कॅन म्हणतात. तिला सामान्यतः काही मिलिसेकंद ते काही दशक मिलिसेकंद लागतात. दोषनिवारणासाठी यातून चार गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात.

पहिली, स्कॅनपेक्षा कमी काळ टिकणारा संकेत पीएलसीच्या नजरेतून निसटू शकतो. स्कॅन २० मिलिसेकंदांचा असेल आणि वेगाने सरकणारा भाग सेन्सरसमोर केवळ ५ मिलिसेकंद राहत असेल, तर सेन्सर चांगला असूनही मोजणी चुकते. अशा ठिकाणी शीघ्रगती गणक किंवा इंटरप्ट वापरावा लागतो.

दुसरी, एकाच आउटपुटची कॉइल प्रोग्रॅममध्ये दोन ओळींत लिहिली असेल, तर शेवटी येणाऱ्या ओळीचा निकाल टिकतो. पहिल्या ओळीतील सर्व अटी पूर्ण झालेल्या दिसतात, पण आउटपुट मात्र सुरू होत नाही. घाईघाईने बदललेल्या प्रोग्रॅमांमध्ये हा दोष विशेष आढळतो.

तिसरी, स्कॅन ठरावीक मर्यादेपेक्षा लांबला तर पीएलसी स्वतः थांबतो. ही मर्यादा सीमेन्स एस७-३०० मालिकेत मूलतः १५० मिलिसेकंद, तर मित्सुबिशीच्या एफएक्स मालिकेत २०० मिलिसेकंद असते. प्रोग्रॅममधील न संपणारी आवर्तने हे अशा थांबण्याचे एक कारण असते.

चौथी, थांबवण्याची बटणे सामान्य स्थितीत बंद असलेल्या संपर्कांनी जोडलेली असतात. तार तुटली तरी यंत्र थांबावे, हा त्यामागील विचार आहे. त्यामुळे बटण न दाबलेले असताना त्या इनपुटचा दिवा पेटलेला असणे हीच योग्य स्थिती होय. नवशिक्यांचा येथे अनेकदा गोंधळ होतो.

## निदानाची पद्धत

### माहिती गोळा करणे

यंत्राला हात लावण्यापूर्वी चालकाशी बोलणे ही पहिली पायरी मानली जाते. यंत्र कोणत्या क्रियेत थांबले, आधी कोणता आवाज किंवा वास आला, पाळी बदलताना कोणते काम झाले, साचा किंवा फिक्श्चर बदलले का, या प्रश्नांच्या उत्तरांतून शोधाची दिशा ठरते. काल चालणारे यंत्र आज बंद असेल, तर प्रोग्रॅम आपोआप बदललेला नसतो. दरम्यान काय बदलले हे शोधणे अधिक फलदायी ठरते. स्क्रीनवरील संदेश आणि त्यांच्या वेळा पुसण्याआधी त्यांचे छायाचित्र काढून ठेवतात. अनेक संदेश एकदम आले असतील तर सर्वांत आधी आलेला संदेश महत्त्वाचा असतो, कारण उरलेले बहुधा त्याचे परिणाम असतात.

### दिवे वाचणे

पीएलसीवरील निर्देशक दिवे लॅपटॉप न जोडता बरीच माहिती देतात. उत्पादकानुसार त्यांचे अर्थ वेगळे असतात.

* सीमेन्स एस७-३००: एसएफ हा लाल दिवा प्रणालीतील दोष दाखवतो, तर बीएफ हा दिवा संपर्कजालातील दोष दाखवतो. एफआरसीई हा पिवळा दिवा लागला असेल, तर एखादे मूल्य कृत्रिमरीत्या लादलेले आहे असे समजावे.
* मित्सुबिशी एफएक्स३यू: एररचा दिवा लुकलुकत असेल तर प्रोग्रॅममध्ये चूक असते. तो स्थिर असेल तर नियंत्रकात गंभीर दोष असतो किंवा स्कॅनची मर्यादा ओलांडलेली असते. बॅटचा दिवा बॅटरी क्षीण झाल्याचे सांगतो.
* अ‍ॅलन-ब्रॅडली कंट्रोललॉजिक्स: ओकेचा हिरवा दिवा सामान्य स्थिती दाखवतो. लुकलुकणारा लाल दिवा दुरुस्त होऊ शकणारा दोष, तर स्थिर लाल दिवा त्याहून गंभीर दोष सुचवतो.

इनपुट व आउटपुट मॉड्यूलवर प्रत्येक बिंदूसाठी स्वतंत्र दिवा असतो. पीएलसीच्या आतील जग आणि बाहेरील यंत्र यांच्या सीमेवर हे दिवे असल्यामुळे दोष कोणत्या बाजूला आहे, हे त्यांच्यावरून ठरवता येते.

### साखळीचे दोन भाग करणे

सेन्सरपासून व्हॉल्व्हपर्यंतची प्रत्येक क्रिया ही एक साखळी असते. एका टोकापासून प्रत्येक कडी तपासण्याऐवजी साखळीच्या मध्यावर मोजणी करून दोषाची बाजू निश्चित करणे जलद ठरते. उदाहरणार्थ, वेल्डिंग फिक्श्चरवर पत्र्याचा भाग ठेवून बटण दाबले, पण तो पकडणारा वायुचालित क्लॅम्प पुढे गेला नाही, असे समजू.

१. क्लॅम्पच्या आउटपुटचा दिवा पेटला आहे का, हे पाहतात. पेटला असेल तर पीएलसीने आज्ञा दिलेली आहे आणि दोष पुढे आहे.

२. मग व्हॉल्व्हच्या कॉइलवर मल्टिमीटरने व्होल्टता मोजतात. २४ व्होल्ट मिळत नसतील तर फ्यूज, मधला रिले, टर्मिनल किंवा केबल तपासतात. २४ व्होल्ट मिळत असतील तर कॉइल जळलेली असू शकते, व्हॉल्व्ह अडकलेला असू शकतो किंवा हवेचा दाब कमी असू शकतो. व्हॉल्व्हवरील हाताने दाबायच्या बटणाने क्लॅम्प हलला, तर हवा व सिलिंडर ठीक आहेत असे कळते. हे बटण दाबण्यापूर्वी क्लॅम्पच्या मार्गात कोणाचाही हात नाही याची खात्री करणे अत्यावश्यक असते.

३. आउटपुटचा दिवा पेटलेला नसेल, तर लॅपटॉप जोडून प्रोग्रॅम चालू स्थितीत पाहतात. त्या आउटपुटच्या ओळीत कोणता संपर्क उघडा आहे हे पडद्यावर दिसते.

४. उघडा संपर्क ‘भाग जागेवर आहे’ या सेन्सरचा असेल, तर त्या इनपुटचा दिवा आणि सेन्सरवरचा दिवा यांची तुलना करतात. सेन्सरचा दिवा पेटलेला पण इनपुटचा विझलेला असेल, तर दोष या दोहोंमधील केबल, जोडणी किंवा मॉड्यूलमध्ये असतो. दोन्ही विझलेले असतील, तर सेन्सर, त्याचा वीजपुरवठा, त्याचे अंतर किंवा खुद्द तो भाग तपासावा लागतो. क्वचित सेन्सर अचूक असतो आणि पत्र्याचा भागच वाकडा असतो. अशा वेळी यंत्राने थांबून आपले काम चोख केलेले असते.

## नेहमी आढळणारे दोष

### वीजपुरवठा

पीएलसी आणि सेन्सर बहुधा २४ व्होल्ट एकदिश विजेवर चालतात. हा पुरवठा देणारा संच जुना झाला की भार वाढताच त्याची व्होल्टता घसरते. म्हणून ती यंत्र चालू असताना, अनेक व्हॉल्व्ह एकाच वेळी कार्यरत असतानाही मोजावी लागते. यंत्र स्थिर असताना मिळणारे २४ व्होल्ट दिशाभूल करू शकतात. मुख्य पुरवठ्यातील क्षणिक घट हे दुसरे कारण आहे. ५० हर्ट्‌झच्या विजेचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते, आणि पीएलसीचा वीजपुरवठा संच साधारण १० ते २० मिलिसेकंदांची खंडितता सोसतो. त्याहून लांब घट आली, तर पीएलसी पुन्हा सुरू होतो. कधी पीएलसी तग धरतो, पण कॉन्टॅक्टर गळून पडतो. मग कारण न दिसता मोटर थांबते. पावसाळी वादळांत आणि जनरेटरवर भार नेताना व परत आणताना अशा तक्रारी एकाच वेळी अनेक यंत्रांवर येतात. एकाच क्षणी अनेक यंत्रे थांबली, तर यंत्रांआधी पुरवठा तपासणे योग्य असते.

### सेन्सर व केबल

कारखान्यातील परिस्थितीचा पहिला मारा सेन्सरांवर होतो. प्रॉक्झिमिटी सेन्सरवर वेल्डिंगच्या ठिणग्यांचा थर बसतो, प्रकाशीय सेन्सरच्या भिंगावर तेलाचा धूर व धूळ जमते, आणि सिलिंडरवरील चुंबकीय स्विच कंपनांनी जागचा सरकतो. मशीनिंग यंत्रांत कूलंट जोडण्यांमध्ये शिरते. सतत हलणाऱ्या केबलची तार आतून तुटते, पण वरचे आवरण शाबूत राहते. अशी केबल एका विशिष्ट स्थितीतच संपर्क सोडते. केबल कुरतडणारे उंदीर आणि उबेसाठी पॅनलात शिरून टर्मिनलांवर मरणाऱ्या पाली ही कारणेही भारतीय कारखान्यांत परिचित आहेत. केबल आत येण्याची भोके बुजवणे आणि पॅनलाचे दार बंद ठेवणे हा त्यावरचा साधा उपाय आहे.

सेन्सर बदलताना त्याचा प्रकार जुळणे आवश्यक असते. पीएनपी प्रकारचा सेन्सर कार्यरत झाल्यावर इनपुटला धन २४ व्होल्ट देतो, तर एनपीएन प्रकारचा सेन्सर इनपुटला शून्य व्होल्टशी जोडतो. युरोपीय यंत्रांत सामान्यतः पीएनपी आणि जपानी यंत्रांत परंपरेने एनपीएन सेन्सर असतात. दोन्ही प्रकारची यंत्रे असलेल्या कारखान्यात भांडारातून चुकीचा सेन्सर आला, तर त्याचा स्वतःचा दिवा पेटतो, पण इनपुटचा दिवा पेटत नाही. नवा सेन्सरही खराब निघाला, असा चुकीचा निष्कर्ष त्यावरून काढला जातो.

### अ‍ॅनालॉग संकेत

दाब, तापमान किंवा पातळी मोजणारी उपकरणे बहुधा ४ ते २० मिलिअँपिअरचा प्रवाह पाठवतात. मोजणीचे शून्य ४ मिलिअँपिअरवर असल्यामुळे तुटलेली तार आणि खरोखरचे शून्य यांत फरक करता येतो. ० ते १० बार मोजणाऱ्या उपकरणावर दाब ६ बार असेल, तर प्रवाह ४ + (१६ × ०.६) = १३.६ मिलिअँपिअर असला पाहिजे. हाच प्रवाह सीमेन्सच्या मॉड्यूलमध्ये ० ते २७६४८ या मोजपट्टीवर साधारण १६५८९ असा दिसतो. मल्टिमीटरवर १३.६ मिळून पडद्यावर निराळाच दाब दिसत असेल, तर दोष मोजपट्टीच्या गणितात असतो. मल्टिमीटरवरच चुकीचा प्रवाह मिळत असेल, तर तो उपकरणात किंवा तारांत असतो. ३.६ मिलिअँपिअरपेक्षा कमी प्रवाह सामान्यतः दोषाचा संकेत मानतात.

### संपर्कजाल

पीएलसीपासून दूर असलेली मॉड्यूल, ड्राइव्ह व रोबो संपर्कजालाने जोडलेले असतात. प्रोफिबसमध्ये जालाच्या दोन्ही टोकांना अंत्यरोध चालू आणि मधल्या सर्व ठिकाणी बंद असावा लागतो. मधला एक अंत्यरोध चुकून चालू झाला, तरी त्यापुढील उपकरणे दिसेनाशी होतात. वीज बंद असताना दोन्ही तारांमधील रोध साधारण ११० ओहम येतो, कारण २२० ओहमचे दोन रोध समांतर असतात. त्यात मोठा फरक आढळला तर अंत्यरोधांची संख्या चुकलेली असते. इथरनेटवर आधारित जालांत दोन उपकरणांना एकच आयपी पत्ता मिळणे हा दोष नित्याचा आहे. प्रोफिनेटमध्ये नव्याने बसवलेल्या उपकरणाला ठरलेले नाव दिले नसेल, तर उपकरण उत्तम असूनही पीएलसी ते ओळखत नाही.

### विद्युत् गोंगाट व भूसंपर्कन

मोटरची गती बदलणारे ड्राइव्ह, वेल्डिंगचे प्रवाह आणि कॉइल बंद होताना उसळणारी व्होल्टता यांमुळे संकेतांत गोंगाट मिसळतो. संकेताच्या व शक्तीच्या केबल वेगळ्या मार्गांनी नेणे, त्या ओलांडाव्या लागल्या तर काटकोनात ओलांडणे, कवचाचे भूसंपर्कन नीट करणे आणि एकदिश कॉइलला उलटा डायोड जोडणे हे नेहमीचे उपाय आहेत.

### बॅटरी व स्मृती

जुन्या पीएलसींमध्ये प्रोग्रॅम बॅटरीच्या आधाराने टिकून राहतो. बॅटरी संपलेली असली तरी मुख्य वीज चालू आहे तोवर काहीच जाणवत नाही. दिवाळीच्या सुट्टीत कारखान्याची वीज काही दिवस बंद राहते आणि कामावर परतल्यानंतर यंत्राचा प्रोग्रॅमच नाहीसा झालेला आढळतो. म्हणून बॅटरीचा दिवा ही तातडीची सूचना समजून, उत्पादकाच्या पुस्तिकेतील पद्धतीने ती वेळेत बदलावी लागते.

## अधूनमधून येणारे दोष

दिवसातून एकदोनदा येऊन आपोआप नाहीसा होणारा दोष शोधणे सर्वांत कठीण असते, कारण मोजणी करायला जावे तर यंत्र सुरळीत चालू असते. अशा वेळी दोषाच्या वेळा लिहून ठेवतात आणि त्यांचा संबंध इतर घटनांशी जोडून पाहतात. दोष दुपारीच येत असेल, तर एप्रिल-मे महिन्यांतील उष्णता आणि पॅनलाचा बंद पडलेला पंखा किंवा कोंदलेली जाळी यांचा विचार करावा लागतो. सकाळच्या पाळीच्या आरंभी येत असेल तर दमटपणा, आणि शेजारचे मोठे यंत्र सुरू होताना येत असेल तर व्होल्टतेतील घट संभवते. पीएलसीमध्येच एक छोटा सापळा लिहिता येतो. संशयित संकेत गेला की तो क्षण, यंत्राची पायरी आणि इतर इनपुटची स्थिती साठवून ठेवायची. डोळ्यांनी न दिसणारा दोष त्यामुळे कागदावर उतरतो.

या पट्ट्यातील अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते आणि देखभालीची मोठी कामे त्या दिवशी केली जातात. त्यामुळे शुक्रवारच्या पहिल्या पाळीत नवे दोष आढळले, तर आदल्या दिवशी कोणते पॅनल उघडले, कोणती केबल हलवली याची नोंद उपयोगी पडते. खंडेनवमीच्या पूजेपूर्वी यंत्रांची साफसफाई होते. त्या वेळी पॅनलात दाबाखालची हवा मारल्यास धातूची बारीक धूळ मॉड्यूलांत ढकलली जाते. म्हणून पॅनल शोषक यंत्राने साफ करणे श्रेयस्कर असते.

## सुरक्षितता

### ऊर्जा तोडणे

यंत्रात हात घालण्यापूर्वी त्यातील सर्व प्रकारची ऊर्जा तोडून, मुख्य स्विचला स्वतःचे कुलूप व नावाची पट्टी लावणे ही मान्य पद्धत आहे. केवळ वीज बंद करणे पुरेसे नसते. सिलिंडरमधील हवा, हायड्रॉलिक संचायकातील दाब, वर थांबलेला प्रेसचा स्लाइड आणि ड्राइव्हच्या धारित्रांतील विद्युत्‌भार मागे उरतात. ड्राइव्ह बंद केल्यावर त्यावर लिहिलेला वेळ थांबून मगच तो उघडतात. आपत्कालीन बटण दाबणे म्हणजे ऊर्जा तोडणे नव्हे.

कारखाने अधिनियम, १९४८ मधील कलम २१ ने यंत्रांच्या धोकादायक भागांना कुंपण घालण्याचे आणि कलम २४ ने शक्ती तोडण्याची साधने ठेवण्याचे बंधन घातले. चालू यंत्रावर किंवा त्याच्या जवळ काम करण्याबाबतचे नियम कलम २२ मध्ये दिलेले होते. महाराष्ट्रात औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय हे काम पाहते.

### बायपास व फोर्स

बायपास म्हणजे संरक्षक साधनाला टाळून यंत्र चालवणे. प्रॉक्झिमिटी सेन्सरसमोर लोखंडाचा तुकडा बांधणे, दाराच्या स्विचमध्ये सुटी चावी अडकवणे, दोन हातांनी दाबायच्या बटणांपैकी एक चिकटपट्टीने दाबून ठेवणे किंवा पॅनलात दोन टर्मिनल तारेने जोडणे ही त्याची सर्रास दिसणारी रूपे आहेत. फोर्स ही पीएलसीमधील सोय आहे. तिने इनपुट किंवा आउटपुटची स्थिती प्रत्यक्षाकडे दुर्लक्ष करून लादता येते. प्रोग्रॅमिंगची केबल काढल्यानंतरही हे लादलेले मूल्य टिकू शकते, आणि पुढच्या पाळीतील माणसाला त्याची कल्पना नसते.

बायपास सहसा निष्काळजीपणातून सुरू होत नाही. रात्रपाळीत सुटा सेन्सर नसतो, माल सकाळी पोहोचवायचा असतो, आणि ‘एवढ्यापुरते’ म्हणून तार जोडली जाते. सेन्सर आल्यावर ती काढायची राहून जाते. प्रेसवर अशी तार राहिली, तर तिची किंमत कामगाराच्या बोटांनी मोजावी लागते. म्हणून संरक्षक साधन वारंवार यंत्र थांबवत असेल, तर ते टाळण्याऐवजी ते का थांबवते हे शोधणे हाच दोषनिवारणाचा विषय असतो. जागा चुकलेला प्रकाशपडदा किंवा सैल झालेला दाराचा स्विच नीट करणे, हीच खरी दुरुस्ती होय. आयएसओ १४११९ या मानकात दारांच्या संरक्षक स्विचांची निवड करताना लोकांना ते टाळावेसे का वाटतील, याचाही विचार करण्यास सांगितले आहे.

संरक्षणासाठी वापरले जाणारे खास पीएलसी व रिले एकाच साधनाकडून दोन स्वतंत्र मार्गांनी संकेत घेतात. दोन्ही मार्ग ठरावीक वेळेत जुळले नाहीत, तर ते यंत्र सुरू होऊ देत नाहीत. दोष पुसूनही यंत्र सुरू होत नसेल, तर दोन्ही मार्गांचे संपर्क स्वतंत्रपणे तपासावे लागतात.

## प्रोग्रॅमची प्रत व जुनी यंत्रे

नियंत्रक निकामी झाला तर नवा बसवायला अर्धा तास पुरतो, पण त्यात घालायचा प्रोग्रॅम हाती नसेल तर यंत्र अनेक दिवस बंद राहू शकते. पीएलसीतून प्रोग्रॅम वाचून घेता येतो. मात्र सीमेन्स एस७-३०० सारख्या जुन्या मालिकांत संकेतांची नावे व टिपणे नियंत्रकात साठवलेली नसतात. वाचून घेतलेल्या प्रोग्रॅममध्ये ‘क्लॅम्प मागे’ ऐवजी केवळ इनपुटचा क्रमांक दिसतो. परदेशी यंत्रांतील टिपणे जर्मन किंवा जपानी भाषेत असतात, तर काही यंत्रनिर्माते प्रोग्रॅमला संकेतशब्द लावून ठेवतात. त्यामुळे यंत्र ताब्यात घेतानाच टिपणांसह मूळ प्रोग्रॅम, विद्युत् आकृत्या आणि ड्राइव्हची मूल्ये मागून घेणे हिताचे ठरते. प्रत्येक बदलानंतर तारीख घातलेली नवी प्रत ठेवली, तर चालू प्रोग्रॅमची तिच्याशी तुलना करून नकळत झालेला बदलही ओळखता येतो.

या तुलनेला सुरक्षेचा आणखी एक पैलू आहे. २०१० मध्ये उघडकीस आलेला स्टक्सनेट हा संगणकविषाणू सीमेन्सच्या पीएलसींना लक्ष्य करणारा होता. तो नियंत्रकातील प्रोग्रॅम बदलत असे आणि अभियंत्याच्या पडद्यावर मात्र ते बदल लपवत असे. तेव्हापासून देखभालीचा लॅपटॉप, पेनड्राइव्ह आणि दूरस्थ जोडणी यांवर नियंत्रण ठेवणे दोषनिवारणाच्या शिस्तीचा भाग बनले आहे.

## नोंदी व प्रशिक्षण

दोन बिघाडांमधील सरासरी काळ आणि दुरुस्तीला लागणारा सरासरी काळ, या दोन आकड्यांवरून देखभालीचे मोजमाप होते. यंत्र सरासरी २०० तास चालून बिघडत असेल आणि दुरुस्तीला २ तास लागत असतील, तर त्याची उपलब्धता २०० भागिले २०२, म्हणजे सुमारे ९९ टक्के असते. ही आकडेमोड नोंदींवर अवलंबून असते. ‘सेन्सर बदलला, यंत्र चालू’ या नोंदीतून पुढच्या माणसाला काही कळत नाही. सेन्सर का गेला, त्यावर ठिणग्या कोठून येतात, याचा उल्लेख असेल तरच तोच दोष महिन्याभरात परत येणे टळते.

पट्ट्यातील देखभाल विभागांत औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून इलेक्ट्रिशियन, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक इत्यादी व्यवसाय शिकलेले तंत्रज्ञ आणि पदविकाधारक अभियंते काम करतात. पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेची मोरवाडी येथे स्वतःची औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे. शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ नुसार कारखान्यांत शिकाऊ उमेदवारही घेतले जातात. प्रोग्रॅम लिहिणे वर्गात शिकता येते. तारेच्या टोकापासून पडद्यापर्यंत संकेताचा माग काढण्याचा सराव मात्र प्रत्यक्ष यंत्रावर, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली करावा लागतो.

## हे सुद्धा पहा

* रिले
* औद्योगिक स्वयंचलन
* चाकण
* पिंपरी-चिंचवड
* महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ